काठीचं दुखणं

सोलापूर,
सोमवार

प्रिय उत्कर्षा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते. आप्पा बरे आहेत. आज सकाळी दीड भाकरी, दोडक्याची भाजी आणि चिमूटभर शेंगाचटणी खाल्ली. चटणी चोरून खाल्ली. म्हणजे मी बघतेय हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला. गोळ्या वेळेवर चालू आहेत, पायांवर सूज नाही. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतात, भिंतीवरचं कॅलेंडर बघितल्यासारखं करतात आणि मग वर येतात. त्या कॅलेंडरवर अजून जानेवारीच आहे, पण ते मी काही बोलत नाही.

आपल्या दोघींत शेवटचं पत्र गेलं ते तू मिरजेला हॉस्टेलवर होतीस तेव्हा. आता तू म्हणशील, अक्का, फोन होता की. फोनवर मला जमत नाही गं. मी बोलायला लागले की तू मध्येच ‘हं, पुढं?’ म्हणतेस, पेशंटला म्हणत असशील तसं, आणि माझं पुढचं सगळं आत जातं. मेसेज लिहिला असता तर पाठवायच्या आधी पुसला असता. कागदावर खोडलं तरी खोडलेलं दिसतं, म्हणून कागद घेतला. उद्या शिवकुमार स्पीड पोस्टानं टाकतील, म्हणजे गुरुवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. रविवारच्या आत पडायलाच हवं.

तुझ्या व्याख्यानाचे फलक लागले आहेत. नवी पेठेच्या तोंडाशी एक आहे, तुझा फोटो आणि खाली ‘हृदयविकार : वेळेत ओळखा’. आप्पा रोज संध्याकाळी दुकानात जाऊन येतो म्हणून निघतात. दुकान चन्नवीर काकांच्या मुलाच्या ताब्यात देऊन दोन महिने झाले, तेव्हा दुकानात त्यांना काही काम नाही. फलकापाशी उभे राहतात आणि येतात. त्यांना पुढच्या रांगेत बसवून, मग स्टेजवर बोलावून, त्यांच्याच तोंडून त्यांची गोष्ट लोकांना ऐकवायची असं तू ठरवलंस. दुखणं लपवलेला पेशंट. साडेपाच तास घरात बसून राहिलेला बाप. त्या गोष्टीबद्दलच मला लिहायचं आहे. पण त्याच्या आधी बरंच काही येतंय, ते येऊ दे.

आधी त्या शब्दाबद्दल. तू आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून आप्पांचं कार्ड वाचलंस आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या उशाशी बसून त्यांना शिकवलास तो शब्द. मायो म्हणजे स्नायू, कार्डियल म्हणजे हृदयाचा, इन्फार्क्शन म्हणजे रक्त न पोचल्यानं तेवढा भाग मरून जाणं. कुंभारीचं शेत आठवा आप्पा, म्हणालीस. पाटात ढेकूळ पडलं, पाणी अडलं, की त्या पाटावरचा वाफा वाळतो. बाकीचं रान हिरवं असतं, पण तो वाफा गेला. आणि हेही सांगितलंस की लोक हार्ट अटॅक म्हणजे हृदय बंद पडणं समजतात, ते वेगळं. तुमचं बंद पडलं नव्हतं, उपाशी राहिलं होतं.

मी तेव्हा पायथ्याशी उभी होते, हातात मोसंबीच्या रसाचा थर्मास घेऊन. आप्पा तुझ्याकडे बघत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस पहिलीच्या पोरासारखा ओठ हलवून तो शब्द म्हणत होता. चार दिवसांत पाठ केला त्यांनी. एका लग्नपत्रिकेच्या मागे देवनागरीत लिहून घेतला आणि तो कागद अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आहे, जिभेखाली ठेवायच्या गोळीच्या डबीबरोबर. धुवायला टाकताना मीच तो काढून ठेवते आणि इस्त्री झाली की परत घालते.

भेटायला येणाऱ्यांची मजा तू बघितली नाहीस. शेजारच्या रंभाबाई आल्या, पदर सावरत म्हणाल्या, “आप्पा, अटॅक आलता म्हनं तुमाला?” आप्पा बसल्या जागी ताठ झाले. “अटॅक न्हाय. मायोकार्डियल इन्फार्क्शन.” रंभाबाईंनी गालावर हात ठेवला, “आगं बया! ते अटॅकपेक्षा मोटं आसतंय का?” तर आप्पा म्हणतात, “मोठंच की. माझ्या धाकटीनं सांगितलंय.” चन्नवीर काका तर रुसलेच. म्हणाले, “मला झालतं तवा नुसतं झटका म्हणले बाबा. एवढं लांब नाव आमाला कोण देतंय? आमच्या घरात कोण डॉक्टर हाय?” सगळे हसले. मी चहा गाळत होते, मीही हसले. आणि गाळणी इतकी जोरात आपटली की चहाचा चोथा ओट्यावर सांडला.

माझ्या धाकटीनं सांगितलंय. गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! ज्या माणसाला मी रोज दोन वेळा जेवू घालते तो आतून उपाशी होता, आणि ते मला समोर बसून कळलं नाही, तुला अडीचशे किलोमीटरवरून येऊन कळलं. मला त्या शब्दाचा हेवा वाटतो, उत्कर्षा. सत्तेचाळीसाव्या वर्षी, मराठीच्या शिक्षिकेनं, एका शब्दाचा हेवा करावा. हस तू.

हा हेवा आजचा नाही. तू जन्मलीस तेव्हा मी सहा वर्षांची होते. माझं नाव सिद्धेश्वरी, गावच्या देवावरून, घरात पहिली मुलगी झाली की ठेवतात तसं. तुझ्या वेळी आप्पांनी तीन रात्री नावाचं पुस्तक चाळलं. माझं नाव मागच्यांच्या सवयीनं आलं, तुझं पुढच्याच्या आशेनं. तुला मेडिकलची सीट मिळाली तेव्हा त्यांनी नवी पेठेतल्या आपल्या ओळीतल्या प्रत्येक दुकानात स्वतः जाऊन पेढे दिले, ज्या कापडवाल्याशी आठ वर्षं बोलणं नव्हतं त्यालासुद्धा. तुझा पांढऱ्या कोटातला फोटो दुकानात सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीशेजारी लागला. उदबत्ती तसबिरीला, पण धूर दोघांना. मी बी. एड. झाले तेव्हा म्हणाले, “बरं झालं, घराजवळ शाळा मिळंल.” आणि खरंच घराजवळ शाळा मिळाली, घराजवळ नवरा मिळाला. शिवकुमार चांगले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण आप्पांच्या घरापासून मी दोनशे पावलांपलीकडे कधी गेलेच नाही. तू दिवाळीला येऊन एकदा उपमा केलास, त्याचं कौतुक संक्रांतीपर्यंत चाललं. माझ्या भाकरीचं कौतुक कोण करणार? ती सूर्यासारखी. रोज उगवते.

एकच गोष्ट माझी होती. तिच्याबद्दल तुला नीट माहीत नाही, कारण पौषात तू कधी घरी नसायचीस.

आप्पांचा डावा खांदा. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांत आप्पा असायचे तेव्हाची गोष्ट. पांढरी बाराबंदी, कमरेला पट्टा, डोक्यावरून कितीतरी उंच गेलेली ती काठी. एका वर्षी वारा सुटला, काठी झुकली, खाली बायकापोरांची गर्दी. आप्पांनी खांदा दिला आणि काठी सावरली. काठी जमिनीला लागली नाही, पण तो खांदा कायमचा गेला. तेव्हापासून दरवर्षी थंडी पडली आणि पोरांचा काठ्यांचा सराव सुरू झाला की तो दुखायचा. आपल्या घरात त्याला दुखणं म्हणायचे नाहीत, मान म्हणायचे. काठीचं दुखणं. देवानं दिलेलं डॉक्टरला दाखवायचं नाही, अव्वा म्हणायची, तेल लावायचं. करडईचं तेल लसूण घालून कोमट करायचं, अर्धा तास चोळायचं, मग तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधून शेकायचं. अव्वा होती तोवर बायकोचं काम म्हणून ती करायची. ती गेल्यापासून गेली नऊ वर्षं मी.

तो अर्धा तास माझा असायचा. आप्पा डोळे मिटून काठीच्या गोष्टी सांगायचे, त्याच त्या, आणि दरवर्षी वारा थोडा जास्त सुटायचा. शेवटी “साकु, साकु” म्हणायचे, पुरे झालं म्हणून, आणि माझ्या तेलकट हातावर आपला हात ठेवायचे. बाकी वर्षभर ते माझ्याशी किराणा, लाईट बिल आणि तुझ्याबद्दल बोलायचे. त्या आठवड्यात तुझं नाव निघायचं नाही. खांद्याच्या बाबतीत तुझं डॉक्टर असणं लागू नव्हतं.

यंदा यात्रेला चार दिवस राहिले होते. मी सकाळी सात वाजता चहा घेऊन गेले तर आप्पा पलंगाच्या कडेला खांदा धरून बसलेले. “साडेसहापासून दुखायलंय बघ,” म्हणाले. “यंदा काठी लवकर आली.” मी तेल गरम केलं, चोळायला बसले. यंदा त्यांनी गोष्ट सांगितली नाही. मध्येच म्हणाले, “छातीवर बी कुणी बसल्यागत वाटायलंय.” मी म्हटलं, रात्री पावट्याची उसळ खाल्लीत ना, गॅस असेल. बनियन काढताना माझ्या हाताला ओल लागली. तेल नव्हतं ते. जानेवारीतल्या सकाळी त्यांची पाठ घामानं भिजली होती.

उत्कर्षा, मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, शिवकुमारनाही नाही. मी तो घाम बघितला. क्षणभर हात थांबवला. मला काही शब्द माहीत नव्हता, पण हे काठीचं नाही एवढं माझ्या हाताला कळलं होतं. नऊ वर्षं ज्या हातानं तो खांदा चोळला त्याला खांदा दुखणं आणि दुसरं काही दुखणं यातला फरक कळत नाही, असं कसं म्हणू? आणि त्याच वेळी आप्पा म्हणाले, “उत्कर्षाला विचारून बघ की.”

बरोबर आठ वाजले होते. तू गाडीत बसलीस की आठला माझ्याच फोनवर करतेस, आप्पांना त्यांच्या फोनची रिंग ऐकू येत नाही म्हणून. त्यांचं वाक्य संपलं आणि फोन वाजला. बघ, जणू तू ऐकलंस. तू विचारलंस, “आप्पा कसे आहेत?” माझा एक हात त्यांच्या खांद्यावर होता. मी म्हणाले, “मजेत. आंघोळीला गेलेत.”

ते समोर बसले होते. त्यांनी ऐकलं. खांदा माझ्या हाताखालीच राहू दिला.

मी असं का केलं ते मी स्वतःला दोन महिने विचारतेय. वाईट व्हावं असं मनात नव्हतं, हे तू मानशील ना? मला वाटलं, तुला सांगितलं की तू दहा प्रश्न विचारशील, फोन आप्पांच्या कानाला लावायला सांगशील, मला बाजूला हो म्हणणार नाहीस पण मी आपोआप बाजूला होईन. थर्मास घेऊन पायथ्याशी. तुला विचारलं असतं तर ते दुखणं तुझं झालं असतं. आणि मला ते द्यायचं नव्हतं. माझ्याकडे त्यांचं दुसरं काय होतं?

मग मी शेक दिला, ओव्याचं पाणी दिलं, पडून राहा म्हणाले आणि स्वयंपाकाला घरी आले. पीठ मळताना दोनदा फोन हातात घेतला. दोनदा खाली ठेवला, कारण आता सांगायचं म्हणजे आठ वाजता खोटं बोलले हेही सांगायचं. शाळेत कळवलं की आज येत नाही, म्हणजे बघ, मला भीती वाटत होतीच. साडेअकराला डबा घेऊन गेले, शिवकुमार सोबत होते म्हणून बरं. त्यांनी आप्पांचा राखेसारखा चेहरा बघितला आणि तसंच त्यांना उचलून रिक्षात घातलं. बारा वाजता आम्ही हॉस्पिटलात होतो. पुढचं सगळं तुला माहीत आहे. स्टेंट, आयसीयू, आणि कार्डावरची ती ओळ, ‘लक्षणं सुरू झाल्यापासून साडेपाच तासांनी दाखल’.

ती ओळ वाचून तू जी संतापलीस! आप्पांच्या छातीला वायरी लावलेल्या, आणि तू दबक्या आवाजात, “साडेपाच तास काय करत होतात? अक्का रोज येते, तिला तरी सांगायचं. एवढं शिकून माझ्या बापाच्या उपयोगी पडले नाही मी.” मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होते. तोंड उघडलं. त्याच्या आधी आप्पा बोलले. माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे बघून म्हणाले, “कुणालाच सांगितलं न्हाय मी. काठीचं दुखणं समजून गप बसलो. हिला तरी कुटं सांगितलं?”

आणि मी तोंड मिटलं.

तेव्हापासून दर रविवारी तू त्यांना फोनवर रागावतेस. ते स्पीकरवर ठेवून मुकाट्यानं ऐकतात, “चुकलं बाई, चुकलं” म्हणतात. टूडी एकोमध्ये हृदय पस्तीस टक्के काम करतंय असं निघालं, तू रडलीस, तर तुला हसवायला म्हणाले, “पस्तीस म्हंजे पास की गं! चन्नवीर मॅट्रिकला तेवढ्यावरच सुटला.” तू हसलीस. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

मी तो शब्द शोधला. शाळेच्या प्रयोगशाळेत विज्ञानाच्या बाईंचं जाडजूड पुस्तक आहे, मधल्या सुट्टीत बसून वाचलं. त्यात लिहिलंय, इन्फार्क्शनचा मूळ लॅटिन अर्थ ठासून भरणं. हे तुला माहीत नसेल असं वाटून मला आधी आनंद झाला, असली मी. मग पुढे वाचलं. रक्त अडल्यावर स्नायू एकदम मरत नाही. कडेनं थोडा थोडा मरत जातो, तासातासानं. पहिल्या एक-दोन तासांत वाट मोकळी केली तर बराचसा वाचतो. मेला की त्या जागी वण येतो, आणि वण आकुंचन पावत नाही, नुसता तिथं असतो. मी पुस्तक मिटून बसले. मुलींचा गलका चालला होता बाहेर. आठ वाजता मी ‘मजेत’ म्हणाले तेव्हा दीड तास झाला होता. त्या वाफ्यातला कितीतरी भाग तेव्हा हिरवा असणार. तू सगळ्यांना सांगतेस की इन्फार्क्शन कशानं होतं. साखर, तंबाखू, कोलेस्टेरॉल. आप्पांनाही त्यानंच झालं असेल. पण ते एवढं मोठं झालं ते माझ्यामुळे.

आता सगळ्यात अवघड ते लिहिते. तुला वाटेल, मी गप्प राहिले ते भीतीनं, लाजेनं. तेही होतं. पण आत आणखी एक होतं. आप्पा माझ्यासाठी खोटं बोलले. छातीला वायरी असताना, तुझ्या तोंडावर, तुझ्याशी. ज्या मुलीचा शब्द ते वचनासारखा पाठ करतात तिला त्यांनी माझ्यासाठी फसवलं, आणि दर रविवारी तिची बोलणी माझ्या वाट्याची खातात. उत्कर्षा, पेढे, फोटो, सगळं तुला मिळालं, पण असं काही तुझ्या वाट्याला कधी आलं नाही. हे माझं आहे म्हणून मी ते दोन महिने जपून ठेवलं. कपाटाच्या तळाशी साडीखाली ठेवावं तसं. तू रागावत असायचीस आणि मी मनात म्हणायचे, तुला काय माहीत! बाप त्यात थोडा थोडा लहान होत होता, ते मला दिसत असूनही.

काल संध्याकाळी आप्पांनी मला बोलावलं. रविवारी स्टेजवर गोंधळ व्हायला नको, म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, मी सांगतो ते मोठ्या अक्षरात लिहून दे. मी फूलस्केप घेऊन बसले. ते येरझाऱ्या घालत सांगायला लागले, हात मागे बांधून. “नमस्कार, मी सोमलिंग. नवी पेठेत चादर-टॉवेलचं दुकान हाय. जानेवारीत मला मायोकार्डियल इन्फार्क्शन झालं. सकाळी साडेसहाला दुखायला लागलं.” लिहिलं. “पण मी दुखणं लपवलं, घरात कुणाला सांगितलं न्हाय.” माझा पेन थांबला. ते खिडकीपर्यंत जाऊन परत आले, कागदात डोकावले. “लिही की. का थांबलीस?” मला मान वर करता येईना. ते खाली वाकले. मग माझ्या हातावर हात ठेवला, तेल चोळून झाल्यावर ठेवायचे तसा, आणि हळू म्हणाले, “तेवढं एक वाक्य माझ्या नावावर ऱ्हाऊ दे, सिद्धे. काठी कुणाच्या डोक्यावर पडू द्यायची नसती.”

म्हणजे सगळं माहीत होतं त्यांना. आठ वाजल्यापासून माहीत होतं. मी जपून ठेवलेली वस्तू ही होती, की माझा बाप दुसऱ्यांदा खांदा देऊन उभा आहे. आणि आता रविवारी दोनशे माणसांसमोर, नवी पेठेतल्या त्याच दुकानदारांसमोर ज्यांना त्यांनी तुझे पेढे वाटले, ते आपला मूर्खपणा मोठ्यानं वाचून दाखवणार, आणि तुला अभिमान वाटावा म्हणून तो शब्द न अडखळता म्हणणार. पहिल्यांदा खांदा दिला तेव्हा ते तिशीत होते. आता पस्तीस टक्के उरलेत.

म्हणून हे पत्र. तो फूलस्केप सोबत घातला आहे. आप्पांना सांगितलंय की धाकटीला तपासायला पाठवते, त्यावर ते खूश झाले. चौथ्या वाक्यापर्यंत लिहिलंय, पाचवं मोकळं सोडलंय. ते तू लिही. दुखणं बापानं लपवलं नव्हतं, त्यानं सांगितलं होतं, तुला विचार म्हणूनही सांगितलं होतं. ऐकणाऱ्या थोरल्या मुलीनं सांगितलं नाही. माझं नाव घातलंस तरी चालेल, मी पहिल्या रांगेत आप्पांच्या शेजारी बसणार आहे. आणि लोकांना हेही सांग की घरात प्रत्येकाचं एक काठीचं दुखणं असतं, वर्षानुवर्षांचं, ओळखीचं, आणि खरं दुखणं त्याच्याच कपड्यात येतं. तू डॉक्टर आहेस, तुझं ऐकतील. या रविवारी येशील तेव्हा आप्पांना रागावू नकोस. आधी मला फोन कर, आठ वाजता, नेहमीच्या वेळी. मी हात कोरडे करून बसेन, आणि विचारलंस की आप्पा कसे आहेत, तर जसे असतील तसे सांगेन.

तुझीच,
अक्का